ह्यांच्या बोलण्याची हिस्टरी

माझ्या नवऱ्याच्या घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि त्यात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. डॉक्टरांनी आधी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घ्यायचा, जेवण तोंडानेच, वास फारसा येणार नाही, आणि आवाज येणार नाही. ह्यांनी एकच प्रश्न विचारला.

"थोडासुद्धा नाही?"

"थोडासुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग काय बोलायचं ते आत्ताच बोलून घेतो," असं म्हणून हे हसले. पण घरी येताना रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुलगी पुण्याहून आली. "बाबा, काहीतरी रेकॉर्ड करून ठेवूया ना," म्हणाली. ह्यांनी नुसता हात हलवला. नको. ती उठून स्वयंपाकघरात आली आणि उगाचच भांडी पुसत उभी राहिली.

बोलणं म्हणजे ह्यांचा जीव. आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला आलो तेव्हा बिल्डिंगमध्ये मराठी घरं दोनच होती. मला वाटलं होतं, इथे आपलं कसं होणार. हे महिन्याभरात वॉचमनशी हिंदीत, समोरच्या बेनशी मोडक्यातोडक्या गुजरातीत आणि भाजीवाल्याशी तिन्ही भाषांची खिचडी करून गप्पा मारायला लागले. ऑफिस शिपिंग कंपनीत, दिवसभर कागदात मान घालायची. पण रविवार मैदानावर. टेनिसच्या चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा आमच्याकडे गल्लोगल्ली होतात, आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी माईकवर हे असायचे. पेणकरपाडा, खारी, पार उत्तनच्या बाजूला चौक गावापर्यंत. पैशासाठी नाही. एक शाल, एक नारळ आणि दुपारचं जेवण, एवढ्यावर खूश. कुणी सरळ बोल्ड झाला तर म्हणायचे, "दार उघडं, खिडकी उघडी, पाहुणा थेट माजघरात!" पोरं मंडपात लोळायची. संध्याकाळी घरी यायचे ते घसा बसवून, आणि मी आल्याचा चहा करून ठेवलेला असायचा.

ऑपरेशननंतर सुरुवातीला लिहून दाखवायला पाटी होती. मग हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी मानेला लावून बोलायचं यंत्र आणून दाखवलं, पण रेडिएशनने ह्यांची मान लाकडासारखी कडक झाली होती. त्यातून नुसती घरघर यायची. शेवटी मुलीने ह्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. आपण टाइप करायचं, बटण दाबलं की फोन बोलणार. मराठीत आवाज एकच मिळाला, तोही बाईचा. स्वच्छ, शिकलेल्या, कधीही न चिडणाऱ्या बाईचा.

ह्यांनी पहिल्यांदा टाइप केलं, "मी बोलतोय." ती बाई म्हणाली, "मी बोलतोय." आम्ही तिघंही हसलो. हसताना ह्यांचे फक्त खांदे हलायचे, आवाज नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

त्या अ‍ॅपमध्ये बोललेलं प्रत्येक वाक्य खाली साठत जायचं. त्याला हिस्टरी म्हणत. जुन्या वाक्यावर बोट ठेवलं की बाई ते परत म्हणायची, पुन्हा टाइप करायला नको. "पंखा बंद कर." "बरं, तुझंच खरं." "भैया, ताजा दो." "मी बोलू शकत नाही, फोन बोलतोय, जरा थांबा." हे शेवटचं वाक्य तर दिवसातून कितीदा लागायचं.

आमची भांडणंही बदलली. मी एका दमात सगळं बोलून मोकळी व्हायचे आणि मग ह्यांचं एका बोटाने टाइप करणं संपेपर्यंत समोर उभी राहायचे. तोवर माझा राग निम्मा गेलेला असायचा. कधीकधी हे अर्धं टाइप केलेलं तसंच खोडायचे आणि हिस्टरीतलं "बरं, तुझंच खरं" दाबायचे. मला त्याचा जास्त राग यायचा. मी म्हणायचे, "नवीन लिहा की काहीतरी." हे परत तेच दाबायचे.

मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. घरी आले की सोफ्यावरून आवाज यायचा, "आलीस? दमलीस का?" हेसुद्धा हिस्टरीतलंच. पण मी चप्पल काढत असतानाच यायचं. म्हणजे लिफ्टचा आवाज ऐकून हे फोन हातात घेऊन तयार बसलेले असायचे.

थंडीत चौकहून ह्यांच्या मित्राचा फोन आला. हा मित्र तिथला जुना ख्रिस्ती कोळी, स्वतःची होडी असलेला, आणि तिथल्या स्पर्धांचा सगळा भार त्याच्या डोक्यावर. फोन मीच घेतला.

"वयनी, त्याला रविवारी घेऊन ये. माइक त्याचाच हाय. दुसरा कोन बोलनार न्हाय."

"भाऊ, ते कसे बोलणार आता?"

"मशीन हाय ना? मशीनला माइक लावू. लोका थांबतीन, काय घाई न्हाय."

मला न्यायचं नव्हतं. पण ह्यांनी शनिवारीच शर्ट इस्त्री करून ठेवला, आणि गळ्याला बांधायचं पातळ कापड त्याच्याशी जुळणारं निवडलं. भाईंदरहून बस धरून आम्ही गेलो. मित्राने मंडपात पंख्याखाली खुर्ची मांडून ठेवली होती. मैदानाच्या पलीकडे मासळी वाळत घातलेली, आणि पोरं बाउंड्रीच्या चुन्यावर बसलेली. ह्यांना ओळखणारी बरीच. कुणी पाया पडलं, कुणी नुसतं खांद्याला धरलं.

सामना सुरू झाला. ह्यांनी फोन माईकपाशी धरला. सुरुवातीची वाक्यं घरून लिहून आणली होती, ती छान झाली. "नमस्कार मंडळी, मी परत आलोय, आवाज मात्र बायकोच्या बाजूचा आलाय." सगळं मैदान हसलं, टाळ्या पडल्या. मग पहिला चेंडू पडला, आणि ह्यांनी टाइप करायला घेतलं. चेंडू सीमेपार गेला, पोरं ओरडली, फील्डरने चेंडू आणून दिला, गोलंदाजाने धावत येऊन पुढचा चेंडूही टाकला, आणि तेव्हा ती बाई शांतपणे म्हणाली, "काय फटका मारलाय." तोवर दुसऱ्या चेंडूवर फलंदाज बाद होऊन परत निघाला होता. कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. लोक खरंच थांबायला लागले. गोलंदाज रनअपच्या टोकाला उभा राहून मंडपाकडे बघायचा, ह्यांचं टाइप करून झालं का म्हणून.

एक षटक ह्यांनी कसंबसं काढलं. मग माईक मित्राच्या हातात दिला, त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि खुर्ची जरा मागे ओढून घेतली. मित्र माईकवर बोलायला लागला, त्याच्या पद्धतीने, अडखळत. पुढचा सगळा सामना हे टाळ्या वाजवत बसले होते. प्रत्येक चौकाराला. जेवलेही नीट. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "मासळी ताजी होती, नाही?" ह्यांनी मान हलवली. फोन खिशातून काढला नाही. घरी पोचल्यावरही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं वाक्य आलं ते, "चहात साखर कमी आहे."

पावसाळ्याआधी मानेत परत गाठ आली. आता करण्यासारखं फारसं नव्हतं, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना एकत्रच सांगितलं.

त्याच सुमाराला फोन कुरकुरायला लागला. स्टोरेज भरलंय, असं सारखं स्क्रीनवर यायचं, आणि बोलायचं अ‍ॅप मधेच अडकायचं. एकदा औषधाच्या दुकानात हे बटण दाबत राहिले आणि ती बाई काही बोलेचना. मागे रांग. घरी आल्यावर ह्यांनी फोन माझ्यापुढे टाकला. तोवर अ‍ॅप परत चालू झालं होतं.

"ही हिस्टरी सगळी पुसून टाक," बाई म्हणाली.

"कशाला? असू दे की," मी म्हटलं.

"काय आहे त्यात? पंखा बंद कर. भाजीत मीठ नाही."

"असू दे. मी दुसरं काहीतरी काढते."

हे बराच वेळ टाइप करत राहिले. मी तांदूळ निवडत होते. मग फोन बोलला, "तू दिवसभर बोलतेस, ते कुठे साठतं? लोक बोलतात आणि संपतं. माझंच काय म्हणून साठवून ठेवायचं? मला सगळ्यांसारखं बोलायचंय." ज्या सुरात ती बाई चहा मागायची त्याच सुरात तिने हे म्हटलं. मी ताट बाजूला ठेवलं.

पण पुसलं नाही. फोटो मुलीच्या लॅपटॉपवर पाठवले. लोकांनी पाठवलेले फुलांचे, देवांचे सुप्रभातवाले निरोप उडवले. एकेका अ‍ॅपची सेटिंग उघडून कॅशे, म्हणजे आत साठलेला कचरा, साफ केली. बातम्यांचं अ‍ॅप काढलं, पत्त्यांचा खेळ काढला. क्रिकेटच्या स्कोअरचं अ‍ॅपही काढावं म्हणून शोधलं, तर ते आधीच कुणीतरी काढलेलं होतं. फोन पुन्हा चालायला लागला. ह्यांनी हिस्टरी अजून तिथेच आहे हे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "बरं, तुझंच खरं" दाबलं.

शेवटी हॉस्पिटलात ह्यांचे हात सुजले. टाइप होईना. एक अक्षर उठवता उठवता दम लागायचा. मग हे हिस्टरीवरच बोलायला लागले. मी फोन समोर धरायचे, हे बोटाने वाक्यं खालीवर सरकवायचे आणि हवं ते सापडलं की दाबायचे. "पाणी." "पंखा बंद कर." "तू घरी जा." नवीन काही सांगायचं असेल तर त्यातल्या त्यात जवळचं काय ते शोधायचे. नर्स इंजेक्शन द्यायला आली की, "भैया, ताजा दो." ती बिचारी हसायची, आणि ह्यांचे खांदे हलायचे.

एका दुपारी मी फोन धरून बसले होते. हे कितीतरी वेळ वाक्यं सरकवत राहिले, खाली, अजून खाली, जुन्याजुन्या वाक्यांपर्यंत. मग एकावर बोट ठेवलं.

"बस, इथेच थांबवा. उतरायचंय."

रिक्षावाल्याला म्हणायचं वाक्य होतं ते. मी हसून म्हटलं, "अहो, रिक्षा नाही ही." हे हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. बोट चुकून पडलं असं धरून मी फोन बाजूला ठेवला, आणि त्यांचा हात चोळत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. बोट चुकून पडलं होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. कधी वाटतं चुकून. कधी त्यांची नजर आठवते.

दिवसकार्य झालं, मुलगी पुण्याला गेली, आणि मी त्यांचा फोन चार्जिंगला लावायला लागले. माझ्या फोनबरोबर त्यांचाही. शाळेतून आले की सोफ्यावर बसून हिस्टरी उघडायचे आणि वाचत जायचे. सगळी ह्यांचीच बाजू. समोरचं माणूस काय म्हणालं ते कुठेच नाही. "मुलीचा निकाल लागला का?" हे वॉचमनला असणार. "नाही, नाही, दुखत नाही." हे कुणाला ते कळत नव्हतं. कदाचित मलाच. मी निरोपाचं एखादं वाक्य शोधत होते, हे खोटं कशाला सांगू. तसलं काही नव्हतं. मीठ, साखर, पंखा, रिक्षा, पाणी. शेवटी शेवटी नुसतं पाणी.

मग मी वाक्यं दाबायला लागले. "आलीस? दमलीस का?" बाई म्हणायची, आणि मी म्हणायचे, "आले. आज फार काम होतं." मग दुसरं दाबायचे. उत्तर द्यायचे. चहा दोन कप व्हायला लागला. एका संध्याकाळी समोरच्या बेन ढोकळ्याची प्लेट घेऊन आल्या. दार लोटलेलंच होतं. आत डोकावून म्हणाल्या, "कोई मेहमान आया है क्या? आवाज आ रहा था." मी म्हटलं, "नहीं, कोई नहीं." त्यांनी टेबलावरचे दोन कप पाहिले, प्लेट ठेवली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. त्या गेल्यावर मी घाबरले. पहिल्यांदाच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी थेरपिस्ट बाईंचा फोन आला. खारी गावातले एक टेम्पो चालवणारे गृहस्थ, ह्यांच्यासारखंच ऑपरेशन झालेले. घरात साधा फोन, त्यावर अ‍ॅप चालत नाही. एखादा जुना फोन मिळेल का म्हणून त्या ओळखीच्या लोकांना विचारत होत्या. "तुमचाच हवा असं नाही हं, काकू," त्या घाईने म्हणाल्या. मी म्हटलं, "आहे माझ्याकडे. देते."

मुलगी शनिवारी आली. "आई, आपण त्यांना नवीन घेऊन देऊ. हा नको देऊस."

"देऊ शकतो नवीन. पण हा माझ्याकडे राहिला तर मी रोज त्याच्याशी बोलत बसेन."

तिला वाटलं मी उगाच म्हणतेय. मी तिला दोन कपांचं सांगितलं. मग ती म्हणाली, "निदान स्क्रीनशॉट काढून घेते." काढायला लागली, आणि काढता काढता मोठ्याने वाचायला लागली. "पाणी. पाणी. पंखा बंद कर. पाणी. तू घरी जा." तिच्या तोंडून ते ऐकवेना. तिलाही वाचवेना. फोन माझ्या मांडीवर ठेवून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. काढलेलेही तिने नंतर पुसले, मी सांगितलं नव्हतं तरी.

मी सेटिंगमध्ये गेले. अ‍ॅपवर बोट ठेवलं. स्टोरेज. त्यात दोन बटणं, एक कॅशे साफ करण्याचं, ते मी ह्यांच्यासाठी कितीतरी वेळा दाबलेलं, आणि शेजारी दुसरं, डेटा पुसण्याचं, ज्याला कधी हात लावला नव्हता. ते दाबल्यावर फोनने विचारलं, सगळा डेटा कायमचा पुसला जाईल, परत मिळणार नाही, चालेल का? मुलगी मागे येऊन उभी होती.

"बाबांनीच सांगितलं होतं पुसायला," मी म्हटलं.

"कधी?"

"सांगितलं होतं."

मी हो दाबलं. काही झालं नाही. म्हणजे आवाज नाही, काही नाही. आकड्याच्या जागी शून्य आलं. एवढ्या महिन्यांचं बोलणं जायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही.

मुलगी म्हणाली, "कीबोर्डसुद्धा शब्द लक्षात ठेवतो, आई. तोही साफ करावा लागेल." तिने दाखवण्यासाठी नुसतं "तू" टाइप केलं. वर लगेच पुढचा शब्द सुचवून आला, "जेवलीस". त्यावर बोट ठेवलं, तर "का". ती माझ्याकडे बघायला लागली. रोज शाळेत दुपारी मला हा एक मेसेज यायचा. मी बरेचदा फक्त अंगठा पाठवायचे. त्या वेळी मी रडले, ह्यांच्यामागे इतकी पहिल्यांदाच, आणि पोरीने मला लहान मुलासारखं धरून ठेवलं. कीबोर्डही तिनेच पुसला. मग नकाशातले पत्ते, शोधलेलं, पाहिलेलं, सगळं. शेवटी फोन दुकानातून आणल्यासारखा झाला.

रविवारी मी एकटीच खारीला गेले. चहूबाजूंनी टॉवर, मधे त्यांचं बैठं घर, दारात टेम्पो झाकून ठेवलेला. गृहस्थ माझ्याहून लहान निघाले. गळ्याला नवीन पांढरं कापड, नजर जमिनीकडे. त्यांची बायको सारखी त्यांच्या वतीने बोलत होती. मी अ‍ॅप परत टाकून घेतलं होतंच. कसं टाइप करायचं, कुठे दाबायचं ते दाखवलं. आवाज बाईचा आहे हे आधीच सांगून टाकलं. त्यांनी फोन हातात घेतला आणि एका जाड बोटाने अक्षरं शोधायला लागले. त्यांची बायको मधेच काही सुचवायला गेली, मी तिला खुणेने थांबवलं.

"च्या प्या," फोन म्हणाला.

त्या माउलीने तोंडावर हात ठेवला. ते गृहस्थ फोनकडे बघत राहिले, आणि खात्री करायला परत दाबलं. मी मान वळवून दाराबाहेर बघत बसले. पदर डोळ्याला लावावा तर त्यांना वाटायचं काय चुकलं.

घरी आले तर मुलीचा फोन.

"दिलास?"

"दिला."

"बोलले ते?"

"बोलले की. च्या प्या म्हणाले."

"मग?"

"प्यायले. जरा गोड होता."

मग तिने हळूच विचारलं, "आई, आवाज तोच होता?"

"तोच," मी म्हटलं. मग तिने संध्याकाळी काय जेवणार ते विचारलं, आणि मी तिला खिचडी टाकतेय असं सांगितलं.